कलेची सुरुवात : आधी वही, मग मोबाईल

(बोईसर इथे तरुण मुला-मुलींच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



मला दिलेला विषय आहे, ‘आपल्यातली कला कशी ओळखावी’. यातला ‘ओळखावी’ हा शब्द मला जरा खटकतो. कला आत कुठेतरी तयार होऊन बसली आहे आणि आपण फक्त दार उघडायचं, असं त्यातून वाटतं. मग पोरं वर्षानुवर्षं स्वतःला तपासत बसतात, ‘माझ्यात आहे की नाही?’ मी सॉफ्टवेअरवाला माणूस. आमच्याकडे कुणी असं तपासत बसत नाही. पहिला प्रोग्राम लिहायचा, तो चालत नाही, का चालत नाही ते पाहायचं, दुसरा लिहायचा. कलेचंही बरंचसं तसंच असतं, असं माझं मत झालं आहे. मी गेली काही वर्षं खिशात वही ठेवतो. त्यात रेखाटतो, लिहितो, खोडतो. एवढ्या भांडवलावर बोलतोय.

सुरुवात आपल्याच जिल्ह्यातल्या एका माणसापासून करू. जिव्या सोमा म्हसे. जन्म १९३४ चा, राहणं डहाणू तालुक्यातल्या गंजाडला. इथून फार लांब नाही ते. लहानपणी आई गेली आणि हा मुलगा पुढे कितीतरी वर्षं बोलायचाच बंद झाला. काही सांगायचं असलं की मातीत रेघा ओढून दाखवायचा, असं सांगतात. आता वारली चित्रं ही मुळात बायकांनी काढायची गोष्ट. लग्नघरात भिंत सारवायची, तिच्यावर सुवासिनींनी तांदळाच्या पिठाने चौक लिहायचा. वारली समाजात चित्र ‘लिहितात’ असंच म्हणतात, हेही लक्षात ठेवा. लग्न झालं की चित्राचं काम संपलं. जिव्या सोमा मात्र लग्न असो-नसो, रोजच काढत बसायचे. पुरुष असून बायकांचं काम, आणि तेही विनाकारण. गावाने काय म्हटलं असेल, याची कल्पना तुम्ही करू शकता, कारण तुमच्याही मोहल्ल्यात तसंच म्हणतात.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला भास्कर कुलकर्णी नावाचे चित्रकार सरकारी हस्तकला विभागातर्फे या पाड्यांवर आले. त्यांनी कागद दिला, रंग दिला. १९७६ साली राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, २००३ मध्ये जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फला रिचर्ड लाँग या इंग्रज कलावंताबरोबर प्रदर्शन झालं, २०११ मध्ये पद्मश्री. २०१८ मध्ये ते वारले. ही पुरस्कारांची यादी मी भाषणाला वजन यावं म्हणून सांगत नाही. सांगायचं ते असं की कुलकर्णी आले त्या दिवशी जिव्या सोमांनी काही नव्याने सुरू केलं नाही. ते आधीपासून रोज काढत होते. पाहुणा आला नसता तरी ते काढतच राहिले असते. आपण नेमकं उलट करतो. कुणीतरी शोधून काढील, मग सुरू करू.

त्या चित्रांमधलं सामान किती थोडं आहे, ते बघा. गेरूची किंवा शेणाची पार्श्वभूमी. एकच रंग, पांढरा. तांदळाचं पीठ, पाणी आणि थोडा डिंक. ब्रश म्हणजे बांबूची काडी, तिचं टोक चावून मऊ केलेलं. आकार तीन : गोल, त्रिकोण, चौकोन. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून जोडले की माणूस. एवढ्यावर तारपा वाजतो, त्याच्याभोवती नाचणाऱ्यांची वेटोळी रांग फिरते, भात लावला जातो, मासे पकडले जातात, लग्न लागतं. आपल्यातला कुणी चित्र शिकायचं म्हणाला की आधी काय करतो? बत्तीस रंगांची पेटी, स्टँड, ऑनलाईन कोर्स, नाहीतर टॅबलेट. आणि पेटी आली की पुढचे सहा महिने ती खराब होऊ नये म्हणून उघडत नाही.

म्हणून माझी पहिली सूचना अशी की सामान कमी करा. एक साधी वही, एक बॉलपेन. पेन्सिलही नको, कारण पेन्सिल घेतली की खोडरबर येतो आणि मग तासभर आपण एकच नाक खोडत बसतो.

वेळेचा प्रश्न इथे बऱ्याच जणांनी चिठ्ठीवर लिहून दिला आहे. तारापूर एमआयडीसीत शिफ्ट करणाऱ्याला ‘सकाळी लवकर उठून साधना करा’ असं सांगणं म्हणजे थट्टा आहे. नाईट करून आलेला माणूस झोपणारच. तेव्हा वेगळा वेळ काढायची भाषा सोडून द्या. जो वेळ आधीच वाया जातोय, तो पकडा. तुमच्यातले निम्मे लोक विरारच्या लोकलने जातात. बोईसर, उमरोळी, पालघर, केळवे रोड, सफाळे, वैतरणा, विरार. प्रत्येक दोन स्टेशनांच्या मध्ये एक चित्र, असा नियम करा, आणि चेहरा काढायचाच नाही. फक्त हात. दांडीला लटकलेला हात, मोबाईल धरलेला हात, सफाळ्याला टोपली घेऊन चढलेल्या मावशीचा टोपलीच्या काठावरचा हात. तिच्या नखांत माती असते, बोटं शेंगा निवडत असतात. रसायनाच्या कारखान्यातल्या कामगाराच्या हाताची कातडी वेगळी दिसते, सालं निघाल्यासारखी. पहिले वीस हात केळीच्या फण्यासारखे येतील. येऊ द्या. चेहरा न काढण्याचा फायदा असा की समोरच्याला आपलं चित्र काढतायत असं वाटत नाही, भांडण होत नाही.

ज्यांना चित्र नको, त्यांनी शब्द घ्यावेत. दोन स्टेशनांमध्ये ऐकलेलं एक वाक्य, जसंच्या तसं, न सुधारता. ‘सेठने बोला था पगार दस को, आज सोला है.’ खाली तारीख. एवढंच. महिन्याभरात तुमच्याकडे वीस-पंचवीस वाक्यं होतील आणि त्यातली तीन-चार अशी निघतील की त्यांच्यामागे एक अख्खी गोष्ट उभी आहे, हे तुमचं तुम्हालाच कळेल.

‘मला काहीच येत नाही’ असं म्हणणाऱ्यांबद्दल थोडं बोलतो, विशेषतः इथे बसलेल्या मुलींबद्दल. चाँदरातीला तुम्ही मेहंदीचा कोन हातात घेता. खाली पेन्सिल नाही, खोडायची सोय नाही, समोरची पोरगी हात हलवते, बाहेर आणखी दहा जणी थांबलेल्या. तळव्याच्या त्या वेड्यावाकड्या जागेत तुम्ही वेल बसवता, मधलं फूल, बोटांवर जाळी, आणि दुसऱ्या हातावर त्याचाच आरसा. त्या जाळीची एकेक रेघ सारख्या जाडीची येते, कारण कोन किती दाबायचा ते बोटांना ठाऊक असतं. चित्रकलेच्या वर्गात हाच दाब शिकायला महिने जातात. आणि हीच मुलगी सांगते, ‘सर, मला ड्रॉइंग नाही येत.’ येतं. फक्त तुम्ही आजवर एकाच विषयाची चित्रं काढलीत. तोच कोनाचा हात कागदावर आणा आणि वेलबुट्टीच्या जागी दुसरं काही घ्या : चिकूच्या फांदीवरची पानं, सातपाटीच्या किनाऱ्यावर वाळत टाकलेलं जाळं, खिडकीतून दिसणाऱ्या कारखान्याच्या पाईपांचा गुंता. पाईपांचा गुंता मेहंदीच्या रेघेत फार सुंदर येईल असं मला वाटतं. कुणीतरी करून दाखवा.

चिंचणी-तारापूरच्या पट्ट्यातल्या घरांतही तेच. तिथे दागिन्यांच्या डाय कोरतात. पोलादाच्या ठोकळ्यावर उलटी नक्षी, म्हणजे दागिन्यावर ती सुलटी उमटते. केसाएवढा फरक झाला तर ठोकळा बाद. बापाला उलटं पाहता येतं, ही केवढी मोठी गोष्ट आहे! पण घरात त्याला कला म्हणत नाहीत, धंदा म्हणतात. धंदाच आहे तो. तरीही एखाद्या रविवारी बापाजवळ बसून, त्याने कोरलेल्या नक्ष्यांचे कागदावर ठसे घेऊन ठेवायला काय हरकत आहे? कार्बन पेपर पुरेल.

आता तो प्रश्न, जो चिठ्ठीवर सगळ्यांत लहान अक्षरात लिहून आला आहे : ‘हे चालतं का?’ मी आलिम नाही, फतवा देणार नाही. सजीवांच्या चित्रांबद्दल आपल्या परंपरेत मतभेद आहेत, ते जुने आहेत, आणि ज्याचं मन एका बाजूला आहे त्याला दुसऱ्या बाजूला ओढायला मी आलेलो नाही. पण इतिहास पाहिला तर ‘मुसलमान आणि कला यांचं जमत नाही’ हे वाक्य कुठेच टिकत नाही. आपल्याच दख्खनेत, विजापूरचा दुसरा इब्राहिम आदिलशाह. १५८० ते १६२७ असं राज्य केलं. त्याने संगीतावर ‘किताब-ए-नौरस’ लिहिलं, दखनीत, आणि त्यात सरस्वतीलाही आळवलं. श्रीगोंद्याचे शेख महंमद सतराव्या शतकात मराठीत ‘योगसंग्राम’ लिहून गेले; वारकरी त्यांना संत मानतात. शिवाय सजीव आकार नको असेल त्याच्यासाठी केवढा मुलूख मोकळा पडला आहे. अक्षर आहे. भूमिती आहे. जुन्या दर्ग्यांच्या आणि मशिदींच्या जाळ्यांमधले तारे फक्त कंपास आणि पट्टीने काढता येतात. एक वर्तुळ, त्याचे सहा भाग, ते जोडत जायचं. आणि शब्द तर आहेतच. तेव्हा हा प्रश्न मनात प्रामाणिकपणे असेल तर तो तुम्हाला एका दारातून दुसऱ्या दाराकडे पाठवील. पण बऱ्याचदा हा प्रश्न आपला नसतोच, तो शेजाऱ्यांचा असतो. दोन्हींतला फरक ज्याचा त्याने ओळखावा.

भाषेकडे येतो. इथे बसलेल्यांच्या घरात काय बोलतात? कुणाकडे कोकणी, कुणाकडे गुजराती, बोईसरमध्ये भोजपुरी वळणाची हिंदी, कुणाकडे उर्दू. आणि शाळा मराठी. मग कागद समोर आला की मुलं एकदम कुणा तिसऱ्याच्याच भाषेत लिहायला लागतात : ‘प्रातःकाळी रवीची कोमल किरणे’. अरे, तुमच्या घरी प्रातःकाळ होत नाही. फजर होते, दूधवाला येतो, पंपाची मोटर सुरू होते. अम्मी आवाज देते, ‘पाणी भर, जाईल आता.’ तेवढं लिहा.

‘आपलं मराठी शुद्ध नाही’ ही लाज काढून टाका. कागद, शाई, दौत, कलम : मराठी माणूस ज्याने आणि ज्यावर लिहीत आला, त्या वस्तूंची ही नावं फारसी-अरबीतून आलेली. तुम्ही त्या भाषेच्या घरात पाहुणे नाही. बार्शीचा मेहबूब हुसेन पटेल बसवर क्लीनर होता, गिरणीत राबला. आई मुनेरबीकडून त्याला ओव्या आणि लोकगीतं मिळाली. पुढे शाहीर अमर शेख म्हणून संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्याच्या आवाजावर मैदानं भरायची. त्याला कुणी शुद्धलेखनाचा दाखला विचारला नाही. सांगलीकडच्या दुधगावचे इलाही जमादार यांची अख्खी हयात मराठी गझलेत गेली. हमीद दलवाई आपल्याला सुधारक म्हणून ठाऊक आहेत. पण मुस्लिम सत्यशोधक मंडळ १९७० चं, त्याच्या आधी ‘लाट’मधल्या कथा आहेत, १९६५ ची ‘इंधन’ कादंबरी आहे. विषय काय? कोकणातलं एक गाव, तिथली माणसं, त्यांचे हेवेदावे. दलवाईंनी जवळून पाहिलेलं जग. १९९० साली सोलापुरात पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरलं, तेव्हा तर तुमच्यातल्या कुणाचा जन्मही झाला नव्हता. वाट आधीच पडली आहे. चालणारे कमी झालेत, एवढंच.

इथे मला आपल्याच चळवळीबद्दल थोडं कडू बोलायचं आहे. आपण तरुणांच्या स्पर्धा घेतो आणि विषय देतो : राष्ट्रीय एकात्मता, हुंडाबंदी, बंधुभाव. विषय चांगलेच आहेत. पण त्यातून पोस्टर तयार होतात, कविता क्वचितच. मुसलमान मुलगा पेन उचलतो तेव्हा त्याच्याकडून दोनपैकी एक गोष्ट अपेक्षित असते. एकतर त्याने देशप्रेम सिद्ध करावं, नाहीतर दुःख सांगावं. बाकीची माणसं पावसावर लिहितात, सायकलवर लिहितात, न मिळालेल्या मुलीवर लिहितात. त्याला मात्र नेहमी समाजाचा प्रतिनिधी म्हणूनच बोलावतात. माझं म्हणणं, सुरुवातीची दोन वर्षं प्रतिनिधीपणा बाजूला ठेवा. नानीच्या पानदानाचं झाकण कसं वाजतं, यावर लिहा. लिहिताना दुःख यायचं असेल तर ते त्या झाकणातूनही येईल.

आणि भीती. ती खोटी आहे असं मी म्हणणार नाही, निदान पालघरमध्ये उभा राहून तरी नाही. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदबद्दल आपल्या पालघरच्या एका मुलीने फेसबुकवर चार वाक्यं लिहिली, तिच्या मैत्रिणीने त्याला लाईक केलं. दोघींना अटक झाली. लिहिणारीच्या काकांच्या दवाखान्याची तोडफोड झाली. पुढे दोघींवरचा खटला बंद झाला, पोलीस अधिकारी निलंबित झाले, दिल्लीतल्या कायद्याच्या एका विद्यार्थिनीने सुप्रीम कोर्टात याचिका केली आणि २४ मार्च २०१५ रोजी माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं कलम ६६ अ रद्द झालं. म्हणजे कायद्यात त्या मुलींची बाजू अखेर खरी ठरली. पण त्या दिवसांनंतर इथल्या किती घरांत मुलींचे मोबाईल काढून घेतले गेले असतील, किती जणींना ‘तू काही लिहू नकोस’ असं बजावलं गेलं असेल, त्याची नोंद कुठल्याही कोर्टात नाही.

म्हणूनच मी वहीचा एवढा आग्रह धरतो. मोबाईलवर लिहिलं की बोट आपोआप ‘पोस्ट’कडे जातं. लिहिणं आणि जाहीर करणं या दोन गोष्टींमध्ये अंतरच उरत नाही. नवशिक्याला ते अंतर हवं असतं. कायद्याच्या भीतीने म्हणा, किंवा त्याहून साध्या कारणाने : पहिल्या चाळीस चित्रांना लाईक मोजायची सवय लागली तर एक्केचाळिसावं चित्र लाईकसाठी निघतं. पहिली वही कुणालाही दाखवू नका. दुसरी भरत आली की दोन माणसं निवडा. एक जो तुमच्यावर प्रेम करतो, आणि एक जो कंटाळा आला तर तोंडावर सांगतो. तिसऱ्याची गरज नाही.

मी ज्या क्षेत्रात आहे त्यावरून एक प्रश्न हमखास येतो. आता मोबाईलवर दोन ओळी सांगितल्या की यंत्र कविता देतं, चित्र देतं. मग शिकायचं कशाला? ही यंत्रं आतून काय करतात ते थोडक्यात सांगतो. अफाट मजकूर वाचून, पुढे कुठला शब्द येण्याची शक्यता जास्त, याचा ती हिशेब करतात. जे जास्त वेळा लिहिलं गेलंय, ते सहज येतं. आता मला सांगा, तुमच्या दादीच्या बोलीत आजवर इंटरनेटवर किती लिहिलं गेलंय? बोईसर स्टेशनबाहेर शिफ्ट सुटल्यावर उडणाऱ्या गोंधळाबद्दल? जवळजवळ काहीच नाही. म्हणून यंत्राला ‘मुस्लिम घरातली ईद’ सांगितली की ते शिरखुर्मा, गळाभेट आणि भाईचारा देतं. तुमच्या घरची ईद वेगळी असते. तिच्यात कुणाची तरी त्या दिवशीही ड्युटी असते, आणि डबा घेऊन कारखान्याच्या गेटवर जावं लागतं. यंत्र वाईट आहे असं नाही. मी दिवसभर तीच वापरतो. पण जे अजून कुणी लिहिलेलंच नाही, ते त्याच्याकडून येणार नाही. ते तुमच्याकडेच आहे आणि अजून कागदावर नाही.

एक व्यावहारिक गोष्ट राहिली. पूर्ण करा. अर्धवट कादंबरीपेक्षा पूर्ण झालेली आठ ओळींची गोष्ट जास्त शिकवते, कारण शेवट कसा करायचा हे शेवट केल्याशिवाय कळत नाही. आमच्याकडेही अर्धे प्रोजेक्ट कपाटात पडलेले असतात आणि त्यांच्यातून कुणीच काही शिकलेलं नसतं.

(यानंतर प्रश्न विचारले गेले. त्यातला एक इथे देत आहोत.)

प्रश्न : अब्बा विचारतात, यातून पैसे मिळणार आहेत का?

बहुतेकांना मिळणार नाहीत. अब्बांना हे स्पष्ट सांगा आणि नोकरी सोडू नका. वारली चित्रकलेला २०१४ मध्ये जीआय नोंदणी मिळाली, म्हणजे त्या नावावर त्या समाजाचा हक्क मान्य झाला. तरी बाजारात जाऊन पाहा, कुर्ते, कप, भिंतीवरची घड्याळं, सगळ्यांवर वारली माणसं नाचतायत आणि त्यातला किती पैसा पाड्यावर पोचतो, ते पाड्यावर जाऊन विचारा. कलेतून पैसा निघतो, पण तो काढणाऱ्याच्याच हातात पडेल असं नाही. म्हणून मेहंदी लावत असाल तर दर ठरवून सांगा आणि ओळखीत फुकट लावून देऊ नका. डाय कोरत असाल तर स्वतःच्या डिझाइनचा फोटो तारखेसकट जपून ठेवा. वहीचा खर्च महिन्याला शंभर रुपयांच्या आत बसतो, तो अब्बांकडे मागू नका. आणि तरीही ते रागावले तर एक दिवस त्यांचे हात काढा. काम करताना, त्यांच्या नकळत. मग वही त्यांच्यासमोर उघडी ठेवा आणि तुम्ही तिथून उठून जा.